अंगकोरचे दगड कोणी वाहिले?

आमच्या संघटनेत दगडखाणीवर उभी हयात घालविलेले एक वृद्ध सभासद आहेत. कंबोडियातील अंगकोरची देवळे पाहावयास आम्ही जाणार, ही बातमी त्यांच्या कानी गेली. तेव्हा ते मुद्दाम कचेरीत येऊन बसले आणि म्हणाले, "भाऊ, राजांची नावं पुस्तकात सापडतील. तुम्ही येवढंच बघून या. दगड कुठनं आणला, वर कसा चढवला, आणि वाहणाऱ्यांच्या पोटाला भात कुठनं आला." प्रवासास निघताना पुष्कळांनी पुष्कळ सूचना केल्या, कोणी सूर्योदय चुकवू नका म्हणाले, कोणी छायाचित्रे मागितली. परंतु इतकी नेमकी सूचना दुसऱ्या कोणी केली नाही. म्हणून पुढील विवेचन आम्ही या तीन प्रश्नांच्या आधाराने करणार आहोत.

आमचे शाळेतले शिक्षण सातवीपर्यंतचे. पुढचे जे काय झाले ते कामाची पाळी संपल्यावर सार्वजनिक वाचनालयाच्या बाकावर झाले. तेव्हा पुराणवस्तुशास्त्रज्ञाच्या अधिकाराने बोलण्याचा आमचा आव नाही. मात्र तीस वर्षे मजुरांचे हजेरीपट आणि मुकादमांच्या वह्या चाळल्यामुळे, कोणतीही इमारत दिसली की तिच्यामागचे काम डोळ्यांनी मापावयाची खोड आम्हांस जडली आहे. तेवढ्या शिदोरीवर हे लिहिले आहे.

प्रथम ठिकाणाची ओळख

अंगकोर म्हणजे एक देऊळ, असा पुष्कळांचा समज असतो. वस्तुतः ते एका राजधानीचे नाव आहे. संस्कृतातील 'नगर' हा शब्द ख्मेर लोकांच्या तोंडी रुळता रुळता 'अंगकोर' झाला. 'वाट' म्हणजे देवालय किंवा विहार. हा शब्दही मुळात आवार या अर्थाच्या संस्कृत शब्दावरून आलेला. आपला 'वाडा' त्याच घराण्यातला. तेव्हा 'अंगकोर वाट' म्हणजे नगरातले देऊळ, इतका साधा त्याचा अर्थ आहे.

ही राजधानी कंबोडियाच्या वायव्य भागात, आजच्या सिएम रीप शहराजवळ होती. इ. स. ८०२ मध्ये दुसरा जयवर्मा या राजाने जवळच्या कुलेन डोंगरावर स्वतःस चक्रवर्ती म्हणून अभिषेक करविला, तेथून या राज्याचा इतिहास मोजतात. नवव्या शतकाच्या अखेरीस पहिल्या यशोवर्म्याने सपाटीवर यशोधरपूर नावाची राजधानी वसविली. मधली थोडी वर्षे सोडली तर पुढची पाच शतके राज्याचे केंद्र तेथेच राहिले. प्रत्येक मोठ्या राजाने आपले देऊळ बांधले, तळे खणले, कोट घातला. आज आपण जे पाहतो ते अशा अनेक पिढ्यांच्या कामाचे थर आहेत. ते काही कोसांवर पसरलेले असून एका दिवसात पायाखाली येत नाहीत.

येथे एक गोष्ट आरंभीच स्पष्ट केलेली बरी. या देवळांवर विष्णू, शिव, रामायण आणि महाभारत पाहून आपल्याकडील माणसाची छाती फुगते आणि 'हे सारे आपल्याच लोकांनी बांधले' असे तो सहज बोलून जातो. आमच्याबरोबरच्या मंडळींतही हे एकदोन वेळा ऐकू आले. कंबोडियावर हिंदुस्थानच्या कोणत्याही राजाने राज्य केलेले नाही. व्यापारी गेले, पुरोहित गेले, त्यांच्याबरोबर देव, लिपी आणि संस्कृत भाषा गेली. ती तेथील लोकांनी आपल्या गरजेप्रमाणे घेतली. परंतु दगड फोडणारे, वाहणारे आणि कोरणारे हात ख्मेर माणसांचे होते. कल्पना प्रवास करून येऊ शकते. दगड मात्र तिथल्यालाच उचलावा लागतो.

पहिला प्रश्न: दगड कोठून आणला?

अंगकोर वाट हे देऊळ दुसऱ्या सूर्यवर्म्याच्या काळात, म्हणजे बाराव्या शतकाच्या पूर्वार्धात उभे राहिले. ते विष्णूचे होते आणि त्याचे तोंड पश्चिमेस आहे. सभोवार सुमारे १९० मीटर रुंदीचा खंदक आहे. त्याचा फेरा पाच किलोमीटरांहून अधिक भरतो. पहाटेच्या अंधारात दगडी सेतूवरून आम्ही आत चाललो. उजाडू लागले तशी पाच शिखरांची आकृती आभाळावर उमटली. मधले शिखर जमिनीपासून सुमारे ६५ मीटर उंच आहे. शेकडो माणसे तळ्याकाठी छायाचित्रांसाठी दाटीवाटीने उभी होती. आम्ही मात्र सभासदांचा निरोप आठवून भिंतीशी गेलो आणि दगडावर हात ठेवला.

देवळाचा दर्शनी दगड करड्या, किंचित हिरवट छटेचा वालुकाश्म आहे. परंतु जेथे हा दगड ढासळला आहे, तेथे आतून तांबूस, भोकाभोकांचा दुसरा दगड डोकावतो. तो पाहताच आमच्यातील रत्नागिरीकडचे गृहस्थ म्हणाले, "अरे, हा तर आपला जांभा!" ते खरेच होते. पाया, गाभा आणि कित्येक आवारभिंती जांभ्याच्या आहेत. जांभा जमिनीतून काढताना मऊ असतो, हत्याराने सहज कापला जातो आणि हवा लागली की कठीण होतो, हे कोकणात पोरासोरांना ठाऊक असते. ख्मेर गवंड्यांनीही तेच ओळखले होते. ओझे पेलण्यास जांभा आणि नक्षी कोरण्यास वालुकाश्म, अशी त्यांनी दगडांची वाटणी केली होती.

जांभा आसपासच मिळतो. वालुकाश्म मात्र त्या सपाट मुलखात मिळत नाही. तो कुलेन डोंगराच्या पायथ्याशी, ईशान्येस तीसचाळीस किलोमीटरांवर आहे. तेथून लक्षावधी दगड आले कसे? पूर्वी असे मानीत की ते कालव्याने खाली तोन्ले साप या मोठ्या सरोवरात नेत आणि तेथून नदीने उलट वर आणीत. तो वळसा सुमारे नव्वद किलोमीटरांचा होतो. २०१२ मध्ये जपानी संशोधकांनी डोंगराच्या पायथ्याशी पन्नासाहून अधिक जुन्या खाणी नोंदविल्या आणि तेथून राजधानीकडे थेट येणाऱ्या कालव्यांचा माग दाखविला. हा मार्ग सुमारे चौतीस किलोमीटरांचा आहे. वजन पाण्यावर घालावयाचे आणि पाण्याचा रस्ता आधी खणून घ्यावयाचा, असा तो बेत होता. एका अंगकोर वाटसाठीच पन्नास लाखांपासून एक कोटीपर्यंत दगड लागले असावेत, असा अंदाज केला जातो. त्यांतला मोठा दगड दीड टनापर्यंत भरतो. आमच्याकडे पोते उचलण्याच्या वजनावरून किती वर्षे भांडण चालले हे ज्यांना आठवते, त्यांनी या आकड्यापुढे थोडे थांबावे.

दुसरा प्रश्न: वर कसा चढवला?

याचे उत्तर दगडांच्याच अंगावर लिहिलेले आहे. भिंतीतल्या पुष्कळ दगडांवर बोटभर रुंदीची गोल भोके दिसतात. काही प्रवासी त्यांना बंदुकीच्या गोळ्यांच्या खुणा समजतात. तशा खुणाही त्या देशात पुष्कळ आहेत. परंतु ही भोके पाथरवटांनी केलेली आहेत. त्यांत खुंट्या ठोकून दोर बांधीत आणि दगड उचलून किंवा ओढून जागेवर नेत. बायोन नावाच्या देवळातील एका शिल्पपटात दगड ओढणारी आणि तो घासून बसविणारी माणसेच कोरली आहेत. एक दगड दुसऱ्यावर घासून दोन्ही पृष्ठे अशी जुळवीत की चुन्याची गरज पडू नये. सांध्यात नख जात नाही, हे आम्ही स्वतः करून पाहिले.

चुन्यावाचून बांधलेली देवळे आपल्याला नवी नाहीत. ज्या काळात अंगकोरची मोठी देवळे उठली, त्याच सुमारास आपल्याकडे यादवांचे राज्य होते आणि ज्यांना आपण हेमाडपंती म्हणतो ती देवळे तशीच कोरड्या जोडणीची होती. छताची युक्तीही मिळतीजुळती आहे. खरी कमान ख्मेर गवंडी वापरीत नसत. दोन्ही भिंतींचे थर वर जाताना थोडे थोडे आत सरकवीत आणि शेवटी ते एकमेकांस मिळवीत. या रीतीने रुंद दालन झाकता येत नाही. म्हणून एवढ्या अवाढव्य देवळात आपण चालतो ते अरुंद ओवऱ्यांमधून. पुष्कळांना याचे नवल वाटते. पण त्याचे कारण दगडाच्या ताकदीत आहे.

या ओवऱ्यांच्या भिंतींवर जगप्रसिद्ध शिल्पपट आहेत. पश्चिमेस एका अंगाला कुरुक्षेत्र आणि दुसऱ्या अंगाला लंकेचे युद्ध. पूर्वेस समुद्रमंथनाचा सुमारे ४९ मीटर लांबीचा पट आहे. त्यात एका बाजूस ९२ असुर वासुकीला ओढीत आहेत आणि दुसऱ्या बाजूस ८८ देव. दक्षिणेस यमराजाचा दरबार असून त्यात चित्रगुप्त न्याय सांगताना दिसतो आणि खाली नरकांच्या यातना रांगेने कोरलेल्या आहेत. गोष्टी आपल्या ओळखीच्या असल्याने त्या पाहताना घरच्यासारखे वाटते.

परंतु आमचे मन अधिक रमले ते बायोनमध्ये. हे देऊळ सातव्या जयवर्म्याचे. चाम लोकांशी झालेल्या युद्धांनंतर ११८१ मध्ये तो गादीवर आला. तो बौद्ध होता. शिखरांवरचे प्रचंड प्रसन्न चेहरे सर्वांनी चित्रांत पाहिलेले असतात. तथापि खालच्या बाहेरील ओवरीत काय आहे हे थोडेच जण पाहतात. तेथे बाजार भरला आहे. बायका माल मांडून बसल्या आहेत. कोंबड्यांची झुंज लागली आहे. कोणी मासे धरतो, कोणी चुलीवर रांधतो, एक बाई बाळंत होत आहे. सैन्य निघाले आहे, त्याच्या मागून गाड्या आणि बायकामुले चालली आहेत.

चीनच्या वकिलातीबरोबर आलेला जौ दाग्वान नावाचा गृहस्थ १२९६ ते १२९७ या काळात जवळजवळ वर्षभर या राजधानीत राहिला. त्याने लिहून ठेवलेली हकीकत आज उपलब्ध आहे. येथे व्यापार बायका करतात, सकाळपासून दुपारपर्यंत बाजार भरतो, दुकाने नसून जमिनीवर चटई पसरून माल मांडतात, असे तो सांगतो. पुढे तो म्हणतो की प्रत्येकीची जागा ठरलेली असते आणि त्या जागेचे भाडे सरकारी अधिकाऱ्यांस द्यावे लागते असे ऐकिवात आहे. हे वाचताना आम्हांस हसू आवरेना. सातशे वर्षांपूर्वीची भाजीवाली आणि आपल्या मंडईतली भाजीवाली यांची तक्रार एकच! सामान्य लोकांच्या घरांवर गवताचेच छप्पर असे, कौल घालण्याची त्यांची छाती होत नसे, हेही त्याने नमूद केले आहे. दगड फक्त देवांसाठी होता. राजाचा वाडासुद्धा लाकडाचा होता आणि तो कुजून गेला. म्हणून आज देवळे उरली, पण शहर दिसत नाही. २०१२ मध्ये हेलिकॉप्टरमधून लेसर किरणांनी जमिनीचे मोजमाप करण्यात आले. तेव्हा जंगलाखाली रस्त्यांच्या आखीव जाळ्या, घरांचे उंचवटे आणि तळी यांचे ठसे स्पष्ट उमटले.

तिसरा प्रश्न: भात कोठून आला?

ता प्रोम या देवळात भिंतींना विळखा घातलेल्या झाडांच्या मुळ्या पाहावयास गर्दी लोटते. हे देऊळ सातव्या जयवर्म्याने ११८६ मध्ये आपल्या आईच्या स्मरणार्थ बांधले. तेथे सापडलेल्या शिलालेखात एक हिशेब आहे. तो आम्ही वहीत उतरून घेतला होता. देवळात राहण्याचा अधिकार असलेली माणसे १२,६४०. त्यांत १८ मुख्य पुरोहित आणि ६१५ नर्तकी. त्यांच्या पलीकडे देवांच्या सेवेसाठी नेमलेले स्त्रीपुरुष ६६,६२५. सेवेस लावून दिलेली खेडी ३,१४०. हा एका देवळाचा खर्च झाला. त्याच लेखात राज्यभरच्या १०२ रुग्णालयांचाही उल्लेख आहे. त्या रुग्णालयांच्या शिलालेखांत, प्रजेचे दुखणे तेच राजाचे दुखणे, असा भाव राजाने व्यक्त केला आहे. या दोन्ही गोष्टी एकाच राजाच्या आहेत आणि दोन्ही ध्यानात ठेवावयास हव्यात. दवाखाने काढणारा राजा दयाळू असेल. परंतु त्या दवाखान्यांना आणि देवळांना तांदूळ पुरविणारी माणसे आपल्या खुशीने आली होती की नेमून दिली होती, हा प्रश्न त्यामुळे मिटत नाही. घरोघर गुलाम असत, श्रीमंतांकडे शंभराहून अधिक असत आणि अगदी दरिद्री माणसाकडेच ते नसत, असे जौ दाग्वान सांगतो.

या देशातील शिलालेखांची एक रीत फार बोलकी आहे. पुष्कळ लेख दोन भाषांत आहेत. वरचा भाग संस्कृत श्लोकांत. त्यात देवांची आणि राजांची स्तुती. खालचा भाग ख्मेर गद्यात. त्यात शेते, त्यांच्या चतुःसीमा, गुरे, भांडी आणि सेवक यांच्या याद्या. कित्येक लेखांत सेवकांची एकेकाची नावे दिलेली आहेत. स्तुती संस्कृतात, मोजदाद बोलीत! इतिहास लिहिणाऱ्यांनी बराच काळ वरचा भाग वाचून राजांच्या वंशावळी लावल्या. कामकरी माणसाचा पत्ता लावावयाचा तर खालचा भाग वाचावा लागतो.

आता भाताविषयी. कंबोडियात पावसाळा आणि कोरडा हंगाम आपल्यासारखाच ठळक आहे. पावसाळ्यात मेकाँग नदी फुगली की तिचे पाणी तोन्ले साप नदीतून उलटे वाहू लागते आणि त्याच नावाचे सरोवर पाचसहा पटींनी पसरते. पाणी ओसरताना मासे आणि गाळ मागे राहतात. एवढी कृपा असूनही कोरडे महिने असतातच. म्हणून राजधानीभोवती शतकानुशतके बंधारे, कालवे आणि 'बाराय' नावाचे विस्तीर्ण तलाव बांधले गेले. त्यांतला पश्चिम बाराय सुमारे आठ किलोमीटर लांब आणि दोन किलोमीटर रुंद आहे. तो जमिनीत खोल खणलेला नाही. चारी बाजूंनी मातीचे बांध घालून आत पाणी अडविले आहे. अकराव्या शतकातला हा तलाव आजही पाणी धरतो. आम्ही त्याच्या बांधावर उभे राहिलो, तेव्हा पलीकडचा काठ धुरकट दिसत होता. टोपलीटोपलीने टाकलेल्या मातीचा तो बांध आहे, हे मनात आले. देऊळ पाहताना जी थरकाप वाटली नव्हती ती तेथे वाटली.

हे तलाव मुख्यत्वे शेतीसाठी होते की देवराजाच्या वैभवासाठी, यावर विद्वानांत पुष्कळ वाद झाला आहे. फ्रेंच संशोधक बर्नार्ड फिलिप ग्रोलिए यांनी अंगकोरला पाण्यावर उभी राहिलेली नगरी म्हटले. इतरांनी त्यावर शंका घेतल्या. अलीकडच्या पाहणीत सुमारे एक हजार चौरस किलोमीटर पसरलेली पाण्याची एकसंध व्यवस्था दिसून आली, तेव्हा वादाचा झोक पुन्हा पाण्याकडे आला आहे.

राजधानीच्या अखेरीची कथाही पाण्याशीच निगडित आहे. अयुथ्येच्या सयामी सैन्याने १४३१ मध्ये अंगकोर जिंकले, असे पाठ्यपुस्तकांत असते. ते खरे असले तरी पुरते नाही. व्हिएतनामच्या डोंगरांतील जुन्या झाडांच्या वलयांचा अभ्यास २०१० मध्ये प्रसिद्ध झाला. त्यावरून असे दिसते की चौदाव्या शतकाच्या मध्यात आणि पुन्हा पंधराव्याच्या आरंभी दीर्घ अवर्षणे पडली आणि त्यांच्या अधूनमधून अतिवृष्टीचे तडाखे बसले. आधी कालवे कोरडे पडले, मग लोंढ्यांनी फुटले आणि गाळाने भरले. एवढी मोठी व्यवस्था दुरुस्त ठेवावयास हजारो हात सतत लागतात. ते हात युद्धात गुंतले, किंवा दूर निघून गेले, की एका ठिकाणचे खिंडार दहा ठिकाणी जाणवते. दरम्यान समुद्रमार्गे होणाऱ्या व्यापाराची ओढही दक्षिणेकडे, आजच्या नॉम पेनच्या बाजूस वाढली. राजदरबार तिकडे गेला.

देवळे हरवली होती काय?

जंगलात हरवलेले अंगकोर १८६० मध्ये आंरी मूओ या फ्रेंच प्रवाशाने शोधून काढले, ही गोष्ट अजून सांगितली जाते. मूओने तेथे जाऊन वर्णन लिहिले आणि युरोपात त्याचा गाजावाजा झाला, इतकेच त्यात सत्य आहे. अंगकोर वाट कधीच ओसाड पडले नव्हते. विष्णूच्या जागी बुद्ध आला, भिक्षू राहिले, यात्रेकरू येत राहिले. सोळाव्या शतकात अंतोनिओ दा मादालेना नावाचा पोर्तुगीज पाद्री तेथे जाऊन आला. त्याची हकीकत दियोगो दो कूतो या बखरकाराने लिहून ठेवली, आणि हा कूतो आपल्या गोव्यात पोर्तुगीज दप्तराचा सांभाळ करीत असे. म्हणजे अंगकोरचे एक जुने वर्णन मूओच्या पुष्कळ आधी गोव्यास पोहोचले होते! ते छापून प्रसिद्ध व्हावयास मात्र १९५८ साल उजाडावे लागले.

विसाव्या शतकातली एक गोष्ट मात्र आम्ही येथे सर्वांनी ऐकावी म्हणून सांगतो. बाफुओन हे अकराव्या शतकातले शिवालय उंच आणि आतून वाळूच्या भरावाचे. ते ढासळत होते, म्हणून १९६० नंतर ग्रोलिए यांच्या देखरेखीखाली ते दगड दगड करून उतरविण्यात आले. सुमारे तीन लाख दगड क्रमांक घालून आसपासच्या रानात मांडले. इतक्यात युद्ध पेटले आणि काम थांबले. १९७५ मध्ये ख्मेर रूजची राजवट आली. १९७९ पर्यंतच्या त्या चार वर्षांत पंधरा ते वीस लाख माणसे उपासमारीने, रोगाने आणि कत्तलीत मेली. कोणता दगड कोठला हे सांगणारी कागदपत्रेही नष्ट झाली. रानात तीन लाख दगड उरले आणि त्यांचा नकाशा गेला.

१९९५ मध्ये काम पुन्हा सुरू झाले. पास्काल रोयेर हे वास्तुतज्ज्ञ प्रमुख होते. परंतु दगड ओळखणारे डोळे आणि हलविणारे हात तेथील कामगारांचे होते. कोणताही दगड दुसऱ्यासारखा नसतो. प्रत्येकाची जागा एकच असते. मापे घेऊन, कोरीव रेषा जुळवून, एकेक दगड उचलून ठेवीत हे काम २०११ पर्यंत चालले. बाफुओनच्या पायऱ्या चढताना आमचे गुडघे बोलू लागले, तरी आम्ही वरपर्यंत गेलो. ज्या देशातील पिढीच्या पिढी मारली गेली, त्या देशातील मजुरांनी सोळा वर्षे खपून हे देऊळ पुन्हा उभे केले आहे. आपल्या भारतीय पुरातत्त्व खात्यानेही १९८६ ते १९९३ या बिकट काळात अंगकोर वाटची दुरुस्ती केली आणि नंतर ता प्रोमचे काम हाती घेतले, हे येथे नोंदविले पाहिजे.

चौथा प्रश्न

हा प्रश्न आमच्या सभासदांनी विचारला नव्हता. तो तेथे गेल्यावर समोर आला. १९९२ मध्ये अंगकोर जागतिक वारसा ठरले. या वारशाच्या हद्दीत शंभराहून अधिक खेडी आहेत. तेथील लोक भात लावतात, ताडाचा गूळ करतात, देवळांच्या दाराशी नारळ आणि कापड विकतात. २०२२ पासून सुमारे दहा हजार कुटुंबांना तेथून हलवून रुन ता एक आणि पीक स्नेंग या नव्या वसाहतींत नेण्याचे काम सुरू झाले. वारसा राखण्यासाठी हे आवश्यक असून लोक आपखुशीने गेले, असे शासन म्हणते. ॲम्नेस्टी इंटरनॅशनल या संस्थेने २०२३ च्या अहवालात, दबाव आणून बेकायदा हुसकावणी झाली, असा आरोप केला.

आमच्याबरोबरचा वाटाड्या या विषयावर बोलावयास नाखूश होता. फार विचारले तेव्हा त्याने एवढेच सांगितले, की त्याच्या काकांचा गाडा पूर्वी देवळाजवळ होता आणि आता नव्या वसाहतीतून तेथवर येण्याजाण्यातच अर्धी कमाई जाते. दोन्ही बाजूंचा न्याय करण्याइतके आमचे वास्तव्य नव्हते. दगडांची झीज, पाण्याचा उपसा आणि गर्दी यांचा बंदोबस्त हवाच, हे आम्हांस मान्य आहे. आम्ही गेलो तेव्हा एका दिवसाच्या प्रवेशाचे ३७ डॉलर घेत होते. ज्यांच्या पूर्वजांनी दगड वाहिले, बांध घातले आणि पडझडीच्या शतकांत देवापुढे दिवा ठेवला, त्यांना त्या उत्पन्नात आणि त्या भूमीवर जागा काय, हे विचारण्यास पुरातत्त्वज्ञ असण्याची गरज नाही. आपल्याकडेही किल्ले, लेणी आणि देवळे यांच्या पायथ्याशी वस्त्या आहेत. वारसा सांभाळताना पहिली कुऱ्हाड टपरीवर पडते, हे आपणही पाहिलेले आहे.

परत आल्यावर आम्ही सभासदांकडे गेलो आणि तिन्ही उत्तरे सांगितली. जांभ्याचे ऐकून त्यांनी मान डोलावली. खुंट्यांच्या भोकांविषयी त्यांनी बारीक चौकशी केली. भोक किती खोल, दगडाच्या कडेपासून किती आत, हे विचारले. सेवकांच्या याद्यांचे सांगितल्यावर ते काही वेळ गप्प राहिले आणि मग म्हणाले, "म्हणजे मस्टर ठेवलं होतं म्हणा की. खाणीवाल्यांचं नाव आहे का त्यात?" ता प्रोमच्या हिशेबात पुरोहित आहेत, नर्तकी आहेत, सेवेकरी आहेत, खाणीत घाव घालणाऱ्यांचा वेगळा आकडा नाही, असे आम्ही सांगितले. "बरं," ते म्हणाले, "भोकं तर आहेत."

वाचकांस एवढेच सुचवावयाचे आहे. अंगकोरला जाण्याचा योग सर्वांना येईल असे नाही. परंतु गावाबाहेरच्या जुन्या देवळात आपण जातोच. दर्शन झाल्यावर तेथून लगेच निघू नये. देवळाच्या मागच्या अंगास जाऊन दगडाचा सांधा पाहावा, टाकीचे घाव पाहावेत, जवळचे तळे किंवा बारव कोणी आणि कशी बांधली असेल याचा विचार करावा, आणि आसपास कोण राहते त्याची विचारपूस करावी. देवळाचा निम्मा इतिहास तेथे सापडतो.